अजिंठ्याच्या वाटेवरचा आहेर

अजिंठ्याहून आल्यापासून सोसायटीत जो भेटतो तो एकच विचारतो, "मग, लेणी कशी वाटली?" मी म्हणते, "छान." हे काही अगदी खोटं नाही. लेणी छान आहेत असं सगळेच म्हणतात. मी ती पाहिलेली नाहीत, एवढंच. लेण्यांच्या पायथ्याशी जाऊन, पोटभर जेवून, तिथूनच माघारी फिरणारी बाई पुण्यात माझ्याखेरीज दुसरी नसावी. हे कसं झालं ते एकदा लिहूनच काढते, म्हणजे जिन्यात उभं राहून प्रत्येकाला सांगायला नको.

छत्रपती संभाजीनगर

शाहीन नर्सिंग शिकायला पुण्यात आली तेव्हा आमच्या मागच्या खोलीत राहायची. माझी थालिपीठं आणि माझी बोलणी, दोन्ही खाऊन ती शिकली. आता ती सिल्लोडकडे आरोग्यसेविका आहे, आणि बोलणी खायची पाळी माझ्यावर आली आहे. "काकू, नुसतं अजिंठा अजिंठा करता. तुमचे गुडघे जातील, लेणी तिथंच राहतील," असं तिनं फोनवर सुनावलं आणि मी निघाले.

शनिवारी संध्याकाळी तिच्या मामूंच्या घरी नान-खलिया झाला. मी घरी शाकाहारी असते. प्रवासात गाव पाहून ठरवते. खलियाचा मटणाचा रस्सा नानला लावून खाताना मी तीनदा "बास" म्हटलं आणि मामींनी तिन्ही वेळा ते "वाढा" असं धरलं. जेवण झाल्यावर शाहीननं बेत सांगितला. "उद्या माझ्यासोबत फिरा, सोमवारी अजिंठा. वाटेत माझी थोडी कामं हैत."

ही थोडी कामं म्हणजे करोनाच्या काळात ज्या मुलांच्या लशी राहून गेल्या, ती मुलं शोधून त्यांना टोचणं. तेव्हा सगळं ठप्प झालं होतं. मग हळूहळू सुरू झालं, पण सगळीकडे सारखं नाही. मला हे नीट कळलं ते दुसऱ्या दिवशी जळगाव रस्त्यावर. काही ठिकाणी गुळगुळीत सिमेंट, गाडी आपोआप पळते. तेवढ्यात असा खड्डा येतो की कवळी हातात घ्यावी. शाहीन म्हणाली, "अस्संच है काकू. एका गावात एकही लेकरू बाकी नाही, शेजारच्या वाडीत निम्मी बाकी. पूर्ण दुनियेत हेच चाललंय." माझी मुलगी परदेशात राहते, तिथल्या एका चांगल्या बंगलेवाल्या वस्तीतल्या शाळेत गोवर आला होता. तिथल्या आया फोनवर काहीबाही वाचून लस नको म्हणतात. आमच्या सोसायटीतही एक जोडपं तसं आहे. बाळाला नैसर्गिक ठेवायचंय म्हणतात, स्वतः मात्र डोकं दुखलं की दोन गोळ्या घेतात. मला वाटलं, इथंही तसलंच काहीतरी ऐकायला मिळणार. पण इथली तऱ्हाच वेगळी निघाली.

घाटावर

सिल्लोडपासून पुढं आम्ही शाहीनच्या स्कूटरवर. लशींचा निळा डबा माझ्या मांडीवर. आत बर्फ असतो, त्यामुळे पहिल्या दहा मिनिटांत माझे गुडघे गेले आणि पुढच्या दहात ते आहेत याची जाणीवही गेली. डबा धरायला दोन्ही हात लागतात, म्हणून पर्स शाहीनच्या घरीच ठेवली. हे लक्षात ठेवा, पुढं याचा संबंध आहे.

मला मुलं आवडतात, मुलांनाही मी आवडते असा माझा समज होता. त्या निळ्या डब्यानं तो सकाळीच उतरवला. आम्ही गल्लीत शिरलो की क्रिकेट थांबे, बॅट पडे आणि मैदान मोकळं होई. एक लहानगं तर धावायचं विसरून जागच्या जागीच रडायला लागलं. डबा शाहीनचा, सुई शाहीनची. पण डबा माझ्या मांडीवर, म्हणून खापरही माझ्या माथी.

दुपारी घाटाच्या अलीकडच्या एका गावात द्वारकाबाईंच्या घरी पोचलो. मोठं शेतकरी घर, पुढच्या खोलीत कापसाचा छतापर्यंत ढीग. द्वारकाबाई माझ्याच वयाच्या, आवाज माझ्याहून वरचा. त्यांची सून वर्षा, मांडीवर चार महिन्यांचं बाळ. वर्षाची थोरली मुलगी आरू पहिल्या टाळेबंदीत जन्मलेली, आता पाचाला टेकलेली. तिनं डबा पाहिला आणि सरळ कापसात सूर मारला.

आरूला गोवराची लस मिळाली की नाही, एवढाच प्रश्न होता.

"शाहीनबाई, दर खेपंला तेच इचारता," द्वारकाबाई म्हणाल्या. "झालंय म्हनलं ना. सून बाळंतपनाला घाटाखाली माहेरी गेली, तितंच अडकली, पोरगी चालाय लागल्यावर आली. तवाच झालं सगळं."

"कुणी दिली? कुठं दिली?"

"ते तिच्या आईला इचारा. पयलं बाळंतपन माहेरचं, मंग लसबी माहेरचीच. आमी कामून मधी तोंड घालावं?"

लशींचं कार्ड कुठंय विचारलं तर ते माहेरी राहिलं. आणि माहेरचे म्हणतात ते सासरी गेलं, असं वर्षा हळूच म्हणाली. एवढंच म्हणाली, कारण सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

शाहीननं मग खरी गोष्ट काढली. खालच्या आळीत गोवर निघालाय. बाळाला नऊ महिने झाल्याशिवाय ही लस देत नाहीत, म्हणजे तोवर बाळाला राखायचं तर आरूनं तो घरात आणता कामा नये. आरू दिवसभर खालच्या आळीतच खेळते.

वर्षानं बाळ छातीशी घट्ट धरलं. मला ते पाहवेना.

"मग देऊनच टाका की," मी म्हटलं. "आधी झाली असेल तर पुन्हा दिल्यानं काही बिघडत नाही ना?"

"काही नाही बिघडत," शाहीन म्हणाली.

द्वारकाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. पाहुणी भलतंच काहीतरी बोलली की पाहतात तसं.

"बाई," द्वारकाबाई मला समजावून सांगू लागल्या, "माझ्या दारात सुई दिली म्हंजे माझ्याकडनंच राहिली व्हती असं नाय का व्हत? उद्या घाटाखाली बोंब व्हईल, सासूनं नातीला पाच साल बिनलशीची ठिवली म्हनून. आधी इहीनबाईनं कबूल करावं. मंग एक नाय, दहा सुया द्या."

वर्षाचा नवरा वाळूजच्या कारखान्यात असतो, आठवड्याला घरी येतो. शाहीननं त्याला फोन लावला. तो म्हणाला, "आई म्हनंल तसं," आणि त्याची पाळी सुरू झाली.

असा नकार मी जन्मात ऐकला नव्हता. लशीवर यांचा पुरता विश्वास. अडलं होतं ते फक्त कुणाच्या उंबऱ्यावर टोचायची यावर. आणि एवढं होऊनही त्यांनी आम्हाला उपाशी सोडलं नाही. शेतातला कोवळा हुरडा, येसराची आमटी, वर धपाटं आणि दही. मी मनात चिडलेली आणि हाताने खात होते, दोन्ही एकाच वेळी जमतं.

निघताना द्वारकाबाई सुनेला म्हणाल्या, मला ऐकू जाईल इतक्या हळू, "पुन्याची मान्सं. पयल्यांदा लेकरू पाहिलं तर हातावर कायतरी ठिवायची चाल नसंल त्यांच्यात."

चाल आहे हो! पर्स सिल्लोडला आहे! हे मी मनात ओरडले. तोंडानं "येते" म्हटलं आणि डबा मांडीवर घेऊन बसले. कापसाच्या ढिगातून एक पांढरं डोकं वर आलं, आम्ही गेल्याची खात्री करून घेतली आणि पुन्हा आत गेलं.

घाटाखाली

सोमवारी अजिंठ्याचा घाट उतरलो. खाली फर्दापूर, थंडीतली स्वच्छ हवा, काळे उभे कडे, आणि लेण्यांकडे जाणाऱ्या फाट्यावर पाटी: सोमवारी बंद.

"अरे हौ!" शाहीन म्हणाली. "सोमवारी बंद असतं काकू. माझ्या ध्यानातच नाही राहिलं."

इतकी वर्षं या रस्त्यानं जाणाऱ्या बाईच्या हे ध्यानात नाही, यावर मी विश्वास ठेवला नाही. चमकदार दगड विकणारा एकजण धावत आला, डबा पाहून थबकला आणि दगड विकायचे सोडून म्हणाला, "मॅडम, उद्या हितं हाय ना लस? धाकटीला आनतो." तेवढ्यानं मला बरं वाटलं. निदान एकाला तरी आमची वाट पाहावीशी वाटत होती.

शाहीननं स्कूटर वर्षाच्या माहेराकडे वळवली, सोयगावाशेजारी. आई गयाबाई बारीक चणीच्या, बोलायला मऊ, पण आतून चिवट. बोलणं सुरू व्हायच्या आधीच पानं मांडली. तव्यावरून थेट ताटात कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, तेलात कालवलेला ठेचा. "वर काय जेवलात?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. लगेच शेवभाजी आली. माझ्या लक्षात आलं, मी इथं जेवायला बसले नसून पंच म्हणून बसले आहे आणि दोन्ही बाजू आपापली कैफियत ताटातून मांडताहेत.

"लस झालीया," गयाबाई म्हणाल्या. "पोरगी हितंच व्हती. म्या सोता कडंवर घिऊन गेले शाळंत. बोटाला शाई लावली, म्या सोता पाहिली."

शाहीननं पाण्याचा पेला खाली ठेवला. "मावशी, शाई पोलिओच्या थेंबाला लावतात. तोंडात दोन थेंब. गोवराची सुई असती, दंडात."

"मंग शाई कशाची?"

"थेंबाची."

गयाबाईंनी स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. मतदानाला शाई, थेंबाला शाई. शाई लागली की सरकारचं काम पुरं झालं, असा त्यांचा हिशेब होता. त्यात त्यांची काय चूक? त्या काळात विचारायला तरी कुणाकडे जाणार होत्या? सगळी दारं बंद होती.

मग त्या म्हणाल्या, "माझी धाकटी भैन गोवरात गेली. माझ्या मांडीवर. आन् म्या नातीची लस ठिवीन?"

त्यांचे डोळे भरले आणि माझेही. आता हो म्हणतील असं मला वाटलं. शाहीननंही डब्याकडे हात नेला, आरूला घाटाखाली आणलं तर आजच देऊ म्हणून. पण गयाबाईंनी डोळे पुसले आणि ताठ बसल्या.

"पर माझ्या दारात नगं. हितं दिली म्हंजे इहीनबाईचं खरं झालं. सव्वा म्हैन्याचं बाळंतपन आमचं, फुडं लेकरू कुनाचं? सासरचं. म्या संबाळलं ते जादाचं. त्यांनी आधी कबूल करावं."

म्हणजे घाटावर नाही, घाटाखाली नाही आणि मधे पोर. परतताना स्कूटरवर मी इतकी संतापले होते की गुडघ्यांचा गारठाही जाणवत नव्हता. "दोघी मिळून त्या बाळाला गोवर आणतील!" मी शाहीनच्या पाठीवर ओरडले. "आणि मला म्हणतात चाल नाही! मोकळ्या हातानं आले म्हणे!"

आणि घाटाच्या मधल्या वळणावर मला सुचलं. सुचलं ते रागातूनच, हे मान्य करते. शहाणपणाचा त्यात काही भाग नव्हता.

फर्दापूर

मी दोघींनाही फोन केला. म्हटलं, मला एकटीला लेणी पाहायला करमत नाही, उद्या घरच्यांना घेऊन फर्दापूरला या, जेवण माझ्याकडून. दोघींनीही जन्मात लेणी पाहिली नव्हती. "जवळच हायेत, कुठं पळून चालल्यात," असं दोघीही म्हणाल्या, अगदी शब्दाला शब्द. दुसरी येणार आहे का हे दोघींनी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही.

मंगळवारी तिथल्या अंगणवाडीत शाहीनचं लसीकरण होतं. द्वारकाबाई, वर्षा, आरू आणि बाळ काळीपिवळीतून उतरले. मागोमाग गयाबाई आल्या. दोघींनी एकमेकींना पाहिलं, एकाच वेळी पदर सावरले आणि ओट्याच्या दोन टोकांना तोंडं फिरवून बसल्या. दगडवाल्याची धाकटी टोचून घेऊन, रडून, बिस्कीट खात घरीसुद्धा गेली, तरी यांची तोंडं वळली नाहीत. आरू आईच्या पदराआडून डब्यावर लक्ष ठेवून होती. इथं कापूस नव्हता.

मी उठले. मला भाषणं जमत नाहीत, पण राग जमतो.

"द्वारकाबाई, परवा मी तुमच्याकडे मोकळ्या हातानं आले. लेकराच्या हातावर काही ठेवलं नाही. तुम्ही बोललात ते बरोबरच होतं."

द्वारकाबाई चपापल्या. "आवं, म्या कुठं काय..."

"तो आहेर आज देते. आरूला माझ्याकडून ही लस. हिच्यात सासरचा संबंध नाही की माहेरचा नाही. आधी दिली होती का, कुणी दिली, कुणाकडून राहिली, ते काही मी विचारत नाही. पाहुणीचा आहेर आहे. नको म्हणायचा तर म्हणा."

आहेराला नको कोण म्हणणार? द्वारकाबाईंनी मात्र एक शंका काढलीच. "पर लस तं सरकारी. फुकाट असती. तुमचा आहेर कसा?"

"दोन दिवस डबा माझ्या मांडीवर होता," मी म्हटलं. "गुडघे माझे गारठले. सगळ्या गावची पोरं मला भ्यायला लागली. आहेर माझाच."

शाहीननं तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. गयाबाई ओट्याच्या त्या टोकावरून, विहिणीकडे न पाहता म्हणाल्या, "आहेराला नाय म्हनू नाय."

"म्या कुठं नाय म्हनलं?" द्वारकाबाई म्हणाल्या. "तुमी व्हय म्हना आधी."

"व्हय."

"मंग माझंबी व्हय."

पण आहेर म्हटल्यावर तो रीतीनं व्हायला हवा. अंगणवाडीत पाट नव्हता, म्हणून छोटी खुर्ची आली. ती पूर्वेला करायची की उत्तरेला यावर दोघींत पहिलं सरळ बोलणं झालं. द्वारकाबाईंनी पिशवीतून करंडा काढून आरूला कुंकू लावलं, गयाबाईंनी हातात खोबऱ्याची वाटी दिली. तासाभरात अख्खी वाडी टोचून मोकळी होणारी शाहीन हातात सिरिंज घेऊन मुहूर्ताची वाट पाहत उभी होती. "काकू," ती दातांतल्या दातांत म्हणाली, "आता बँडवाला नक्को सांगा."

एक हात एका आजीनं धरला, दुसरा दुसरीनं. आरू अशी किंचाळली की लेण्यांतल्या मूर्तींनीही मान वळवली असेल. मग संपलं. ती हुंदके देत दंडाकडे पाहत राहिली, आणि एकाएकी तिनं करंगळी पुढं केली.

"शाई?"

सुईला शाई लावत नाहीत. शाहीननं माझ्याकडे पाहिलं, पेन काढलं आणि करंगळीवर ठिपका दिला. आरूला तेवढ्यावर समाधान नव्हतं. तिनं दोन्ही आज्यांची बोटं पुढं करवली, मग माझं. आम्ही तिन्ही म्हाताऱ्या करंगळ्या वर करून बसलो.

टोचल्यावर लेकराला अर्धा तास तिथंच थांबवतात. दुसरी सुई महिन्यानंतर, हे शाहीननं सांगितलं मात्र, ओट्याच्या दोन्ही टोकांकडून एकदम आवाज आला, "ती माझ्याकडं!" कालपर्यंत जिला दोन्ही दारांत बंदी होती, तिच्यासाठी आता दोन्ही दारं सताड उघडली होती. मी कपाळाला हात लावला.

या गोंधळात वर्षा माझ्याजवळ आली. "काकू," ती म्हणाली, आणि तीन दिवसांत ती स्वतःबद्दल बोललेली मी हे पहिल्यांदाच ऐकलं, "इतक्या जवळ राहून म्या लेनी पाहिली नाय."

बाळ पिऊन झोपलं होतं. आरू खोबरं खात होती. कुणीतरी या विहिणींजवळ बसायला हवं होतं, नाहीतर दुसऱ्या सुईवरून पहिलीचंही पुण्य गेलं असतं. द्वारकाबाई तोंड उघडणार, तोच मी म्हटलं, "पाहुणीचा शब्द आहे, जाऊ द्या तिला." शाहीनचं काम उरकलं होतं. वर्षा आणि ती लेण्यांकडे गेल्या. मी बाळ मांडीवर घेतलं. डब्यापेक्षा कितीतरी ऊबदार होतं ते. समोर विहिणी दुसऱ्या सुईचा वाद घालत राहिल्या आणि वाद घालता घालता एकमेकींना भाकरी वाढत राहिल्या.

वर्षा परतली ती उजळलेल्या चेहऱ्यानं. "कसं वाटलं?" मी विचारलं.

"लई शांत हाय, काकू," ती म्हणाली. "कुनी कुनाला कायबी बोलत नाय."

संध्याकाळी मला परतायचं होतं. आहेराची परतफेड म्हणून एकीनं ज्वारीचं पोतडं दिलं, ते पाहून दुसरीनं केळीचा घड. दोन्ही घेऊन मी पुण्याला पोचले तेव्हा हमाल म्हणाला, "बाजार समितीत उतरायला पाहिजे होतं, आजी."

पुणे

त्यानंतर मी शाहीनला रोज फोन करायचे आणि ती रोज चिडायची. महिन्यानं आरूची दुसरी सुई झाली, घाटावर. गयाबाई त्यासाठी घाट चढून गेल्या. गोवर खालच्या आळीतून वरच्या आळीत आला, द्वारकाबाईंच्या शेजारच्या घरातही शिरला. आरूला काही झालं नाही. बाळाजवळ तो पोचलाच नाही. शाहीननं हे सांगितलं तेव्हा मी भाजीच्या दुकानात होते. तिथंच उभी राहून रडले आणि भाजीवाल्यानं कोथिंबीर फुकट दिली.

परवा पुन्हा तिचा फोन. बाळाला नऊ महिने होताहेत, त्याच्या सुईचा दिवस ठरायचा होता. वर द्यायची की खाली, यावर दोन्ही विहिणींचं तोंडाला तोंड. शेवटी निरोप आला तो दोघींचा मिळून. पुन्याच्या बाईनं थोरलीला आहेर केला, धाकट्याचा हात अजून मोकळा हाय. त्यांनी यावं, डबा त्यांच्याच मांडीवर असावा, फर्दापूरलाच व्हईल.

"येते," मी म्हटलं. "आणि या वेळी लेणी पाहिल्याशिवाय हलायची नाही. वार कोणता ठरवलाय?"

पलीकडे शाहीननं आधी घसा साफ केला.

"काकू, सोमवार."

मी तिकीट काढलं.